बंद घराच्या पत्त्यावर

ग्वाल्हेर स्टेशनवर मला पोचवायला आलेले बाबा रडले नाहीत, आणि त्यांनी उपदेशही केला नाही. त्यांनी खिशातून दहा पोस्टकार्डं काढली. दहाही कार्डांवर त्यांच्याच अक्षरात त्यांचंच नाव आणि जयेंद्रगंजचा पत्ता लिहिलेला होता, पिनकोडसकट. मला फक्त मागची बाजू भरायची होती. आई लाडवांचा डबा बॅगेत नीट बसतोय की नाही ते पाहत होती, मधूनच पदरानं डोळे टिपत होती. बाबा मात्र मला समजावून सांगत होते, "पहिल्या कार्डावर पत्ता लिही तुझा. पूर्ण लिही. मकान नंबर, गल्ली, जवळची खूण, पिन. खुशाली नंतर कळवलीस तरी चालेल."

माझ्याकडे तेव्हा मोबाइल होता. मी तो काढून दाखवलाही. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला, चांगला आहे म्हणाले आणि पोस्टकार्डं माझ्या पर्समध्ये स्वतःच्या हातानं ठेवली. गाडी हलली तेव्हा ते हात हलवत नव्हते. डब्याचा नंबर वाचत होते.

तुम्हा जयेंद्रगंजकरांना बाबा कोण हे वेगळं सांगायला नको, पण आपल्या मंडळाचा हा अंक वाचणाऱ्यांत माझ्यासारखे दिल्लीला, पुण्याला, अमेरिकेत गेलेलेही असतील, आणि त्यांच्या मुलांना ठाऊक नसेल. दिनकरराव घाडगे, पोस्टमन. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले असं सांगतात. त्यांच्या तलवारीचं काय झालं कुणास ठाऊक, बाबांच्या खांद्यावर आली ती डाकेची थैली. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी बिर्लानगरात काढली, गिरणी कामगारांच्या वस्तीत, आणि नंतरची सगळी शहराच्या आपल्या लष्कर भागात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी सकाळी फूलबागेत फिरायला गेले की ते माणसांना नावापेक्षा घर नंबरानं आधी ओळखतात.

दिल्लीत मी सोळा वर्षांत सहा पत्ते बदलले. पहिले दोन लग्नाआधीचे, बाकीचे सुशीलबरोबरचे. सुशील माझा नवरा, तोही ग्वाल्हेरचाच, मुरारचा. मराठी घरातला, पण दोन वाक्यांनंतर हिंदीत शिरणारा. दर वेळी घरमालकाला मुलाचं लग्न आठवायचं किंवा भाडं वाढवायची लहर यायची, आणि आम्ही टेम्पो बोलवायचो. पोस्टकार्डं केव्हाच संपली होती, तरी नवा पत्ता मी फोनवर सांगायचे आणि बाबा तो डायरीत लिहून घ्यायचे. जुन्यावर एक सरळ रेघ मारायचे. आणि प्रत्येक वेळी तेवढाच एक प्रश्न विचारायचे, "हा पक्का का?" मी नाही म्हणायचे. ते बरं म्हणायचे. त्या 'बरं'मध्ये रागावणं नव्हतं, पण मला ते दिवसभर टोचत राहायचं.

आई गेली आणि बाबा जयेंद्रगंजात एकटे राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या, बावीस पायऱ्या. गेल्या थंडीत ते त्या पायऱ्यांवरून घसरले आणि आम्हाला आठ दिवसांनी कळवलं, तेही खालच्या वाण्यानं. मी धावत गेले. गुडघा सुजलेला, चहा शेजारून येतोय, आणि बाबा मला सांगताहेत की तू उगाच आलीस. मी त्या दिवशी स्पष्टच विचारलं, आमच्याकडे येऊन राहाल का. ते खिडकीतून खाली बघत म्हणाले, "तुमचा पत्ता तर होऊ दे. मग पाहू."

या 'पाहू'साठी आम्ही घर घ्यायचं ठरवलं. लोक गुंतवणूक म्हणून घेतात, कर वाचवायला घेतात. मला तळमजल्याचं घर हवं होतं, ज्यात एक म्हातारा पोस्टमन राहायला तयार होईल.

दिल्लीत आपल्याला काही परवडत नाही हे कळायला एक रविवार पुरला. मग आम्ही ग्वाल्हेरच्याच रेल्वेमार्गावर मागे मागे सरकत गेलो. आधी फरिदाबाद, मग बल्लभगड, मग पलवल. मला त्यातही एक सुख वाटायचं की घर स्वस्त होतंय आणि ग्वाल्हेर जवळ येतंय. पलवलहून रोज हजारो माणसं दिल्लीला नोकरीला जातात आणि रात्री झोपायला परत येतात. तिथल्या प्रॉपर्टी डीलरांच्या तोंडी चौरस फूट नसतात, गज असतात. सौदा ठरला की बयाना, म्हणजे आपला विसार, द्यायचा, मग रजिस्ट्री. सुशील तीन महिन्यांत ही भाषा अशी बोलायला लागला की डीलर त्याला आपल्याच धंद्यातला समजू लागले.

सुशीलनं एक कागद केला होता. कुठली वस्ती स्टेशनपासून किती मिनिटं, पाणी किती वेळ, गटार बंद की उघडं, आणि गजाचा भाव. तो म्हणायचा, जिथे भाव कमी आहे तिथे तो का कमी आहे ते आधी शोधायचं. कारण आपल्याला चालण्यासारखं असेल तर ती वस्ती आपली. हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि मी मान डोलावत होते. पण माझा एक वेगळाच कागद मनात चालू होता, आणि तो मी त्याला दाखवला नव्हता. मी पाट्या वाचत होते.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची ही जुनी खोड. परगावी गेलं की आधी दारावरच्या पाट्या वाचायच्या, आणि एखादं कुलकर्णी नाहीतर जाधव दिसलं की जीव भांड्यात पडतो. मग भलेही ते कुलकर्णी आयुष्यात आपल्याशी न बोलोत. बाबांना संध्याकाळी कुणाशी चार शब्द मराठीत बोलता यावेत, गणपतीत कुणी आरतीला बोलवावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पलवलमध्ये गुप्ता होते, शर्मा होते, चौधरी तर पावलोपावली होते. आणि एके दिवशी, हायवेजवळच्या एका नव्या सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट पाहून बाहेर पडताना, समोरच्या दारावर मला पितळी पाटी दिसली. देवनागरीत, सुबक अक्षरात. देशपांडे.

त्यानंतर मी त्या फ्लॅटचं काहीच नीट पाहिलं नाही. स्वयंपाकघर अंधारं होतं म्हणे, सुशील परतताना सांगत होता. भावही आमच्या आवाक्याच्या जरा बाहेरचाच. पण लिफ्ट, बाग, फाटकावर पहारेकरी, आणि समोर देशपांडे! मी गाडीतूनच बाबांना फोन केला. शेजारी मराठी आहेत, म्हटलं. पुढच्या रविवारी बयाना द्यायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "देण्याच्या आधी मी येतो. एकदा मोहल्ला पाहतो."

ते शनिवारी सकाळच्या गाडीनं आले, काठी टेकत. हातात जुनी कापडी पिशवी, त्यात कपडे कमी आणि कोरी पाकिटं जास्त. आल्या आल्या त्यांनी देशपांडे यांच्या फ्लॅटचा नंबर विचारला, पाकिटावर 'श्री. देशपांडे' असं लिहून खाली सोसायटीचा पूर्ण पत्ता लिहिला, आत वर्तमानपत्राचा घडी केलेला तुकडा घातला, आणि चिकटवून त्यावर पाच रुपयांचं तिकीट लावलं. सुशीलला हसू आवरेना. हातानंच न्यायचं तर तिकीट कशाला, त्यानं विचारलं. बाबा गंभीरपणे म्हणाले की तिकीट नसलेलं पत्र त्यांनी आजवर कुणाच्या हातात दिलेलं नाही.

मग त्यांनी आम्हाला त्यांची पद्धत सांगितली. बिर्लानगरात माणसं पाळीवर असायची, दारांना कुलपं असायची. पण पोस्टमन गल्लीत शिरला की कुणीतरी सांगायचं, हा दुपारी दोनला सुटतो, ही माहेरी गेलीय, दे इकडे, ठेवते मी. रजिस्टर पत्र तसं देता येत नाही, तो नियम. पण साधी पत्रं शेजारी ठेवून घ्यायचे आणि ती मालकाला मिळायचीच. उलट काही मोठ्या बंगल्यांच्या रस्त्यांवर बाबांनी वीस वर्षं पत्रं टाकली, पण समोरच्या घरात कोण राहतं ते कुणालाच सांगता यायचं नाही. बाबांच्या मते वस्तीची किंमत कळायला दुसरं काही लागत नाही. जो घरी नाही, त्याच्या नावाचं पत्र घेऊन जायचं आणि काय होतं ते पाहायचं.

आम्हाला त्यांनी बरोबर येऊ दिलं नाही. आम्ही डीलरबरोबर फाटकाशी उभे राहिलो आणि बाबा काठी टेकत आत गेले. चाळीसेक मिनिटांनी परत आले. पाकीट हातातच होतं.

देशपांड्यांच्या दारात एक तरुण भाडेकरू होता. पाटी आम्ही राहायला आलो तेव्हाही होती, म्हणाला, काढायची राहिली. देशपांडे कोण, कधी गेले, कुठे गेले, त्याला माहीत नव्हतं. बाबांनी वरच्या मजल्यावर विचारलं, शेजारच्या दारी विचारलं. एकीनं साखळी न काढता फटीतून सांगितलं, गेटवर द्या. सहा वर्षं तिथे राहणारे एक गृहस्थ म्हणाले की असं कुणी इथे राहत होतं हेच ते आत्ता ऐकताहेत. कुणी उद्धट बोललं नाही, हेही बाबांनी आवर्जून सांगितलं. पण पत्र कुणी घेतलं नाही.

मला रडूच यायला लागलं, आणि त्याचा राग बाबांवर निघाला. आता सगळीकडे असंच असतं, मी म्हटलं, सगळे दमून येतात, कुणाला वेळ असतो. आणि मी कुणासाठी हे सगळं शोधतेय? तुम्हाला कुणी मराठी बोलणारं मिळावं म्हणूनच ना? बाबा फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसले, गुडघ्यावर हात ठेवून. "अनू, माझ्या सगळ्या नोकरीत मराठी घरं किती होती? मुठीएवढी. मला मराठी बोलायला तू आहेस न. मला दार उघडणारा माणूस पाहिजे."

सुशीलनं खिशातून त्याचा कागद काढला आणि म्हणाला की बाबा, एक जगह और है, वो भी देख लेते हैं, अनघाला पसंत नाही पण.

खरंच मला ती पसंत नव्हती. स्टेशनच्या पलीकडची जुनी कॉलनी, मी एकदा गाडीतूनच पाहून नाही म्हटलं होतं. गल्ली अरुंद, चारचाकी आत जात नाही, एका टोकाला गटार उघडं. म्हणूनच भाव कमी. विकायला असलेलं घर बैठं होतं, पुढे वीतभर अंगण, दाराला कुलूप. मालक कुठे जयपूरला असतो म्हणे. त्या गल्लीत एकही मराठी पाटी नव्हती. खरं सांगायचं तर कुठलीच पाटी नव्हती.

बाबा गल्लीच्या तोंडाशी आमच्याकडे पाठ करून चहाच्या टपरीच्या फळीवर दुसरं पाकीट लिहीत होते. बराच वेळ लिहीत होते. मग एकटेच आत गेले. आम्ही दोन चहा प्यायलो, तरी येईनात. सुशील बघायला निघणार एवढ्यात ते आले, आणि त्यांचे हात रिकामे होते. कुलूपबंद घराच्या शेजारी एक बाई गहू निवडत बसल्या होत्या. कमलेश त्यांचं नाव. बाबांनी पत्र दाखवलं तर म्हणाल्या, इथे तर कुणी राहत नाही, ताला आहे. बाबा म्हणाले, येणार आहेत, बहुतेक. तर त्यांनी हात पुसून पाकीट घेतलं. "रख जाओ बाबूजी। आवेंगे तो दे दूँगी।" मग बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, गुडघ्याला काय झालं ते विचारलं आणि कुठलंसं तेल सांगितलं. ग्वाल्हेरचं ऐकल्यावर आपली नणंद तिथे जवळच मोरेन्याला दिलीय हेही सांगून झालं.

"माझ्या नावाचं दिलंत का?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "नाव बरोबर लिहिलंय." आणि गाडीत बसून डोळे मिटून घेतले.

आम्ही ते घर घेतलं. एका पाकिटावर घर घेतलं असं मी म्हणणार नाही. सुशीलनं पाणी तपासलं, कागद वकिलाकडून पाहून घेतले, पावसात गल्लीत किती पाणी साचतं ते दोन दुकानदारांना विचारलं. साचतं, घोट्यापर्यंत. गाडी बाहेर रस्त्यावर लावावी लागते. समोरच्या घरात दर मंगळवारी भजनांचा भोंगा लागतो आणि त्याला काही इलाज नाही. पण तेवढ्या पैशात तीन खोल्या, एक अंगण, आणि एकही पायरी नाही, असं दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं. मनाची समजूत मी अशी घालत होते. पाट्या वाचायची खोड अजून गेली नव्हती.

मधल्या चार महिन्यांत मी बाबांना दर आठवड्याला विचारलं, कधी येता. दर आठवड्याला उत्तर आलं, पाहू. पेन्शनचं काम आहे. खालच्या वाण्याच्या मुलीचं लग्न आहे. फूलबागेतल्या बाकावरचे एक मित्र आजारी आहेत. मी ते ऐकत होते आणि आतून घाबरत होते. आपण त्यांना कुठून उपटून कुठे लावायला निघालोय, असं वाटायचं. सोळा वर्षांपूर्वी मी निघाले तेव्हा माझ्या पुढे सगळं आयुष्य होतं. त्यांचं मात्र जवळपास सगळं आयुष्य मागे होतं, आणि तेच सोडून यायचं होतं. एकदा मी सुशीलला म्हटलंही की ते येणार नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही आले नसते.

सामान हलवलं तो रविवार होता. टेम्पो गल्लीत येईना, तेव्हा गल्लीतल्याच चार जणांनी न बोलावता कपाट उचलून आत आणलं. दुपारी कमलेशजी आल्या, एका हातात चहाची किटली आणि दुसऱ्या हातात पाकीट. भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचून ठेवलं होतं, म्हणाल्या. एका कोपऱ्याला हळदीचं बोट लागलं होतं. "आपकी अमानत। बाबूजी दे गए थे।"

मी ते घेतलं ते हसतच. बाबांचं अक्षर, टपोरं, एकेक ओळ सरळ. तिकीट बरोबर उजव्या कोपऱ्यात. मग मी नाव वाचलं.

श्री. दिनकर गणपतराव घाडगे. आणि खाली घर नंबर, गल्ली, 'शिवमंदिरामागे' ही खूण, पलवल, आणि पिनकोडाचे सहा आकडे, वेगवेगळे, चौकटीत लिहावेत तसे.

मी अंगणातल्या खोक्यावर बसले. कमलेशजींना वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे, त्या माझ्याशेजारी बसल्या आणि पाठीवर हात ठेवला. मला त्यांना सांगता येईना की ज्या दिवशी घराला कुलूप होतं, बयाना दिला नव्हता, मी तोंड फुगवून टपरीवर चहा पीत होते, त्या दिवशी बाबांनी त्या पत्त्यावर स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं. आणि नंतर चार महिने फोनवर मला 'पाहू' म्हणत होते. ते मला टाळत नव्हते, हे आता कळलं. ते तुमच्या सगळ्यांच्या दारी जाऊन एकेकाचा निरोप घेत होते.

संध्याकाळी मी फोन केला. बाबा, तुमचं पत्र आलंय इथे, म्हटलं.

"कुणी दिलं?"

"कमलेशजींनी. जपून ठेवलं होतं. उघडू का?"

"दुसऱ्याचं पत्र उघडतात का?" बाबा म्हणाले. "ठेव तू. मी येतो घ्यायला."

स्टेशनवर येते मी, म्हटलं, तर नको म्हणाले. पत्ता पाठ आहे मला, म्हणाले.

ते पाकीट आता फ्रिजवर मिठाच्या बरणीखाली आहे. आत वर्तमानपत्राचा तुकडा आहे हे मला ठाऊक आहे, तरी मी ते उघडलेलं नाही. दारावर पाटीही अजून लावलेली नाही. बाबा येतील तेव्हा पहिली ओळ त्यांची, दुसरी आमची. तोवर कुरियरवाला आला की गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हात करून सांगतं, वो ग्वालियरवाले? सीधे जाओ. बाबा पुढच्या शुक्रवारी निघताहेत. तुमच्यापैकी कुणी स्टेशनवर पोचवायला गेलात तर त्यांच्या डब्याचा नंबर वाचून ठेवा, त्यांना ते आवडेल.

आणि जयेंद्रगंजकरांनो, एक विनंती. खोल्या रिकाम्या झाल्या तरी त्यांच्या नावाचं एखादं पत्र अधूनमधून तिथे येईलच. पेन्शनचं, जुन्या एखाद्या मित्राचं. पोस्टमन दारात उभा राहिला तर ते गेले एवढं सांगून त्याला परत पाठवू नका. ठेवून घ्या. ते येतील घ्यायला.